मित्राच्या नावाने शिष्यवृत्ती काढायची तर



तुमच्या गटातल्या एका मित्राच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची आहे, त्यावर बोला, असं मला सांगितलं गेलं. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण त्याच्या अम्मीला अजून कुणी विचारलेलं नाही असं कळलं. ते आधी करा.

मी उदाहरण देणार आहे ते अमेरिकेतलं. तिथल्या कॉलेजांत फ्रॅटर्निटी नावाचा प्रकार असतो. ग्रीक अक्षरांचं नाव घ्यायचं, एकत्र राहायचं, एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणायचं. दारू आणि रॅगिंगमुळे त्या बदनामही आहेत, आणि ती बदनामी उगाच नाही. पण त्यांची एक रीत मला आवडते. सोबतचा कुणी गेला की त्याच्या नावाने कॉलेजात निधी ठेवतात आणि शिकून बाहेर पडलेले त्यात भर घालत राहतात. २०१३ साली डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठात मुस्लिम मुलांनीही स्वतःची फ्रॅटर्निटी काढली, अल्फा लॅम्डा म्यू. अक्षरं मुद्दाम अशी घेतली की अलिफ-लाम-मीम आठवावं.

मला मात्र जे सांगायचंय ते कुठल्या फ्रॅटर्निटीचं नाही, नॉर्थ कॅरोलायनातल्या तीन विद्यार्थ्यांचं आहे. १० फेब्रुवारी २०१५ ला चॅपल हिलमध्ये शेजाऱ्याने घरात शिरून तिघांना गोळ्या घातल्या. दिया बरकात, वय २३, दंतवैद्यकाचा विद्यार्थी. त्याची बायको युसर अबू-सल्हा, २१ वर्षांची, तीही त्याच कॉलेजात दाखल होणार होती. लग्नाला दीड महिना झाला होता. आणि युसरची धाकटी बहीण रजान, १९, स्थापत्य शिकत होती. पोलीस आधी म्हणाले, पार्किंगचा वाद. घरच्यांना ते कधीच पटलं नाही. २०१९ मध्ये मारेकऱ्याने गुन्हा कबूल केला, त्याला तीन जन्मठेपा झाल्या. द्वेषातून केलेला गुन्हा असा आरोप मात्र त्याच्यावर लागलाच नाही.

आपल्याला या प्रकारचा राग नवा नाही. पण त्या घरच्यांनी आणि मित्रांनी पुढे काय केलं ते बघा. दियाने जाण्याआधी तुर्कस्तानातल्या सीरियन निर्वासितांच्या दातांवर उपचार करण्यासाठी मदत मागायला सुरुवात केली होती. मागणी वीस हजार डॉलरची. तो गेल्यावर ती रक्कम पाच लाखांच्या वर गेली. म्हणजे लोकांनी नवं स्मारक शोधलं नाही, त्याचं अर्धं राहिलेलं काम उचललं. मग ‘अवर थ्री विनर्स’ या नावाने निधी उभा राहिला, विद्यापीठात तिघांच्या नावे शिष्यवृत्ती आली. रॅलेमध्ये दियाचं एक घर होतं, तिथे तरुणांच्या उपक्रमांसाठी ‘द लाइट हाउस’ सुरू झालं. दिया म्हणजे आपल्याकडचं झिया, प्रकाश. नावातूनच नाव निघालं. दंतवैद्यकाच्या कॉलेजात त्याच्या नावाने सेवेचा दिवस पाळतात.

हे ऐकून कुणी म्हणेल, हे डॉलरवाल्यांचं झालं, आपलं काय? आपल्याकडेही हे होतं, आणि फार आधीपासून. बंगालमध्ये हुगळीच्या हाजी मुहम्मद मोहसिन यांनी १८०६ साली आपली मिळकत वक्फ केली. त्यातून पुढे कॉलेज उभं राहिलं आणि मुस्लिम विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही मिळाल्या. सदका-ए-जारिया हा शब्द आपण कबरीवरच्या पाटीपुरता ठेवला आहे, एवढंच.

शिवाय आजची गरज बघा. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली. मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेत सांगितलं गेलं. सरकारकडे मागणं सोडू नका, ते आपल्याच कराचे पैसे आहेत. तुमचा छोटा निधी सरकारची जागा घेणार नाही. पण परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख उद्या असते तेव्हा मोर्चा कामाला येत नाही.

आता पैशाचं. चाळीस जणांनी महिन्याला अडीचशे रुपये दिले तर वर्षाला एक लाख वीस हजार होतात. चाळिसाव्याच्या एका मोठ्या दावतीला यापेक्षा फार कमी लागत नाही. मी दावतीच्या विरोधात नाही, दुःखातल्या घरी माणसं जेवली पाहिजेत. पण दोन्हींतलं एकच परवडणार असेल तर माझं मत तुम्हाला कळलंय.

अमेरिकी पद्धतीत मुद्दल हात न लावता गुंतवतात आणि वर्षाला साधारण चार-पाच टक्के खर्च करतात. इथे तुमच्यात व्याजावरून वाद होणार, होऊ द्या. माझा सल्ला सोपा आहे. पहिली पाच वर्षं मुद्दल साठवण्याच्या फंदातच पडू नका. त्या वर्षी जमलेलं त्याच वर्षी वाटा. व्याजाचा प्रश्न जवळपास उरतच नाही आणि मुलं थांबत नाहीत. पुढे मोठी रक्कम आली तर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवा, तो पैसा कुठे ठेवता येतो याला कायद्याची बंधनं आहेत, तेव्हा वकील आणि सीए दोघांना विचारा. आपल्या जुन्या वक्फांनी दुकानाच्या भाड्यावर मदरसे चालवले, तोही एक मार्ग आहे. कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर मात्र पैसे गोळा करू नका, तो माणूस कितीही नेक असला तरी. मैत्री तुटते ती इथेच.

द्यायचं कुणाला? नव्वद टक्केवाल्याला बक्षीस देणारे पुष्कळ आहेत. तुम्ही शिक्षण सुटायच्या बेतात असलेल्याला शोधा. बसचा पास, हॉस्टेलची अनामत, दुसऱ्या वर्षाची फी. अर्धी रक्कम मुलींसाठी आधीच बाजूला काढा, नाहीतर ‘योग्य अर्ज आला नाही’ हे वाक्य दरवर्षी ऐकाल. अर्ज करणाऱ्याचा मसलक, जमात, बिरादरी विचारू नका. आणि मुस्लिमेतर अर्ज आला तर? दियाने डरहॅममध्ये बेघरांना दातांच्या निगेचं सामान वाटलं ते धर्म विचारून नव्हे. काहींना हे पटणार नाही. म्हणतील, आपल्याच मुलांना पुरत नाही. खरंच पुरत नाही. तरी वस्तीतल्या, मोहल्ल्यातल्या कुणासाठीही एक जागा ठेवावी असं मला वाटतं. तुमच्या मित्रालाही सगळेच ओळखत होते.

चेक हातात देतानाचे फोटो नकोत. मुलाला ते आयुष्यभर पुरतात. त्याऐवजी हिशेब छापा, किती आले, किती गेले, किती उरले, एका पानात. नावाऐवजी ‘बीकॉम, दुसरं वर्ष’ एवढं लिहिलं तरी चालतं.

आता तुमचे प्रश्न घेतो. व्याजावरचे शेवटी.