पुढच्या चाकाखालचा तेलाचा डाग

आज विषय जरा वेगळा आहे: मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या अॅक्सलचं तेल. हसू नका. या तेलापायी आमच्या गटाचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत उभा राहिला, म्हणून बोलतोय.

आपल्या वर्धा जिल्ह्यात कितीतरी बचत गटांकडे असे छोटे ट्रॅक्टर आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं ९० टक्के अनुदानावर मिळतात. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजार शासनाचे, ३५ हजार गटाचे. ते ३५ हजार आम्ही कसे जमवले ते आम्हालाच ठाऊक. पण ट्रॅक्टर दारात आल्यावर त्याची पूजा केली, चावी ड्रायव्हरला दिली आणि मोकळ्या झालो. तिथंच चुकलं.

उन्हाळ्यात पुढच्या डाव्या चाकाखाली तेलाचा डाग दिसायला लागला. रोज सकाळी वाटीएवढा. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, ट्रॅक्टर म्हटला की थोडा गळतोच." आम्ही त्यावर माती टाकली, आणि रोज टाकत राहिलो. मृगाचा पाऊस पडला, पांदण रस्ते चिखलाने भरले आणि एका वावरात पुढच्या चाकातून करकर आवाज सुरू झाला. मिस्त्रींनी प्लग उघडला तर तेल जेमतेम, आणि जे होतं ते दुधाच्या चहासारखं. आत पाणी गेलं होतं. बेअरिंग गेलं, गिअरचे दातही खाल्ले गेले होते. एका सीलचं काम होतं, ते सगळा अॅक्सल खोलण्यावर गेलं. त्या महिन्यात गटातल्या एका ताईला मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं ठरलं होतं. ते पैसे दुरुस्तीला गेले. त्या ताई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिस्त्री सगळं समजावत होते, पण अध्यक्षताईंच्या मालकांना! ट्रॅक्टर आमच्या नावावर, अन् बोलणं त्यांच्याशी. मग आम्हीच पुढे होऊन जवळ बसलो आणि विचारत गेलो. ते आता तुम्हाला सांगतो.

आधी आपला ट्रॅक्टर कोणता ते बघा. टू व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या अॅक्सलमध्ये तेल नसतं, चाकांच्या हबमध्ये ग्रीस असतं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मधे डिफरन्शियल आणि दोन्ही टोकांना गिअर असतात, ते तेलात फिरतात. तेल बाहेर येऊ नये आणि चिखलपाणी आत जाऊ नये म्हणून रबरी ओठाचं ऑइल सील असतं. आपल्या पोळपाटाएवढंही नसतं ते, पण सगळं त्याच्यावर.

सील का फाटतं? आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे पऱ्हाटी. कापसाच्या धसकटांतून ट्रॅक्टर जातो, काड्या, सुतळी, खताच्या पोत्याचे धागे, तार असं सगळं चाकाच्या आतल्या बाजूने गुंडाळलं जातं आणि सीलचा ओठ कापतं. म्हणून वावरातून आल्यावर वाकून बघायचं, गुंडाळलेलं काढायचं. ट्रॅक्टर बंद करून, चावी काढून, मगच हात घालायचा.

दुसरं कारण आम्हाला कधीच सुचलं नसतं. अॅक्सलवर ब्रीदर नावाचा छोटा श्वासमार्ग असतो. काम करताना तेल तापतं, आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. तो चिखलाने बुजला तर हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल येतं. गार होताना उलट होतं, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. झाकण ठेवलेल्या कुकरची शिट्टी बुजल्यावर काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

पाण्याचा जोराचा फवारा थेट सीलवर मारू नका. तेल गरजेपेक्षा जास्तही भरू नका. आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा दांडा काढलेला असू द्या, नाहीतर पुढच्या गिअरवर विनाकारण ताण येतो. आमचा ड्रायव्हर हे अजूनही विसरतो.

तेल बघायचं तर सपाट जागेवर, ट्रॅक्टर थंड झाल्यावर. लेव्हलचा प्लग उघडला की तेल भोकाच्या काठाला लागलेलं हवं. काही ट्रॅक्टरना मोजायची काडी असते. कोणतं तेल आणि किती तासांनी बदलायचं ते सोबत आलेल्या पुस्तकात असतं. शेजारच्या ट्रॅक्टरला चालतं म्हणून आपल्यात टाकू नका. बदलताना तेल थोडं कोमट असू द्या, म्हणजे गाळ निघतो. प्लगवर बारीक काळसर भुकटी चालते, पण धातूचे तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नका. जुनं तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजला द्यायचं.

नवीन सील बसवतानाही जवळ थांबा. शाफ्टवर खाच पडली असेल किंवा बेअरिंग ढिलं असेल तर नवं सीलही महिनाभरात गळतं. हे मिस्त्रींना आधी विचारा, पैसे नंतर द्या.

आता आमच्या ठरावाच्या वहीत ट्रॅक्टरचं वेगळं पान आहे. दर सोमवारी दोघी जणी पाळीने खाली वाकून बघतात आणि सही करतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, घरोघरी बैलांचे खांदे शेकले जातात तेव्हा आम्ही ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतो. त्या ताईंचं कर्ज दिवाळीआधी दिलं. सोमवारची पहिली पाळी त्यांनीच मागून घेतली आहे.