फेऱ्यांतून निघालेलीं सूत्रें



गणितावर बोलावयाचें आणि जवळ फळा नाहीं, खडू नाहीं, ही शिक्षकाला मोठीच अडचण वाटते. परंतु आजचा विषय असा आहे कीं, तो आकृतीपेक्षां हाताच्या हालचालीनें अधिक चांगला समजावा. म्हणून एखादें ताट, एखादें पुस्तक व मुलांचा चेंडू जवळ असल्यास हाताशीं ठेवावा. तेवढें साहित्य आपणांस पुरेल.

विद्यार्थी गणितांत थोडा पुढें गेला कीं त्याला कांहीं विशेष फलें भेटूं लागतात. फल म्हणजे एक संख्या घातली असतां ठराविक नियमानें दुसरी संख्या देणारी योजना. भुजज्या व कोटिज्या, ज्यांना आतां साइन व कोसाइन म्हणतात, हीं त्यांतलीं पहिलीं. पुढें लजांद्र, बेसेल, जाकोबी अशा गणित्यांचीं नांवें लावलेलीं फलें येतात. प्रत्येकाचीं अनेक सूत्रें असतात. विद्यार्थी तीं पाठ करतो, परीक्षेंत लिहितो आणि विसरून जातो. पण त्यांतल्या एखाद्या चौकस मुलाच्या मनांत शंका राहतेच: हीं सूत्रें अशींच कां? कोणा पंडितानें तीं ठरविलीं, कीं तीं याहून निराळीं असणें शक्यच नव्हतें? शंका लहान दिसते. पण गणित ही आज्ञा मानावयाची कीं समजून घ्यावयाची, हें तिच्या उत्तरावर ठरतें.

आधीं ताट घेऊं. तें चाकासारखें उभें धरा व उजव्या कडेवर, बरोबर मध्याच्या पातळींत, कुंकवाचा ठिपका लावा. ताट फिरवूं लागलां कीं ठिपका वर जाईल. तो मध्यापासून किती वर आहे ती भुजज्या आणि किती बाजूला आहे ती कोटिज्या. ताटाची त्रिज्या मात्र एक मानावयाची. आतां ताट ४५ अंश फिरवा आणि मग आणखी ३० अंश फिरवा. एकदम ७५ अंश फिरविलें असतें तरी ठिपका त्याच जागीं आला असता. गोष्ट इतकी साधी आहे. पण सूत्र तिच्यांतूनच निघतें. फिरविण्यापूर्वींच्या दोन संख्या ठाऊक असल्या कीं नंतरच्या दोन संख्या त्यांच्याच मिश्रणानें मिळतात. तिसरी संख्या कोठूनहि आणावी लागत नाहीं. ४५ अंशांची भुजज्या आणि ३० अंशांची कोटिज्या यांचा गुणाकार ०.६१२, ४५ अंशांची कोटिज्या आणि ३० अंशांची भुजज्या यांचा गुणाकार ०.३५४. दोहोंची बेरीज ०.९६६, आणि ७५ अंशांची भुजज्या तीच. सन ११५० मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचणाऱ्या भास्कराचार्यांनीं आपल्या ज्योत्पत्तींत हा नियम दिला असून त्याला समासभावना असें नांव आहे. तो कोणाच्या हुकुमानें खरा ठरलेला नाहीं. दोन फेऱ्या जोडल्या कीं पुन्हां एक फेरीच होते, हा त्याचा आधार होय.

अशा अखंड हालचालींचा पद्धतशीर अभ्यास केला तो नॉर्वे देशांतील सोफस ली यानें. याचा जन्म १८४२ चा व मृत्यु १८९९ चा. सन १८७० मध्यें फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें असतां तो फ्रान्समधून पायीं इटलीकडे निघाला होता. फोंतेनब्लो येथें त्याला हेर समजून पकडण्यांत आलें, आणि त्याच्याजवळचीं गणिताचीं टिपणें ही सांकेतिक भाषा असावी अशा संशयानें तुरुंगांत टाकण्यांत आलें. दार्बू या फ्रेंच गणित्यानें खटपट केल्यावर सुमारें महिन्याभरानें त्याची सुटका झाली. ज्या समुदायांतील दोन हालचाली जोडल्या असतां त्याच समुदायांतील हालचाल मिळते, प्रत्येक हालचाल उलटवितां येते आणि एका हालचालींतून दुसरींत अगदीं सलग जातां येतें, अशा समुदायाला आज ली-समूह म्हणतात. ताटाच्या सर्व फेऱ्या हें त्याचें सर्वांत सोपें उदाहरण.

ताटाहून पुढची पायरी चेंडूची. ताटाला आंस एकच. चेंडूला वाटेल त्या आंसाभोंवतीं फिरवितां येतें, आणि येथें क्रमाला महत्त्व येतें. खात्री करावयाची तर पुस्तक समोर उभें धरा. तें आपल्यापासून दूर आडवें पाडा व मग टेबलावर उजवीकडे पाव फेरी द्या. पुस्तक पडलेलेंच राहील. आतां पुन्हां पहिल्यासारखें उभें धरून आधीं पाव फेरी द्या व मग त्याच दिशेला पाडा. या वेळीं पुस्तक कडेवर उभें राहील.

अशा फेऱ्यांत कोणतीं फलें आपसांत मिसळतात? चेंडूवरील प्रत्येक बिंदूला तीन संख्या असतात: मध्यापासून किती पुढें, किती बाजूला, किती वर. चेंडू कसाहि फिरवा, हीं तिघें एकमेकांतच मिसळतात. हें तिघांचें कुटुंब झालें. सर्वत्र सारखी राहणारी संख्या एकटीच. तिचें कुटुंब एकाचें. आतां त्या तीन संख्यांचे दोन-दोनांचे गुणाकार घ्या. तीन वर्ग आणि तीन जोड्या, मिळून सहा. पण तिन्ही वर्गांची बेरीज चेंडूवर सर्वत्र सारखीच असते; ती त्या एकटीच्या घरची. ती वगळली कीं पांच उरतात. तीन-तीनांचे गुणाकार दहा होतात. त्यांतून याच न्यायानें तीन गेले कीं सात. याप्रमाणें एक, तीन, पांच, सात अशीं कुटुंबें वाढत जातात. प्रत्येक कुटुंबांत, उभ्या आंसाभोंवतीं फिरविलें तरी न बदलणारें, एकच फल असतें. तेंच लजांद्राचें फल. लजांद्राला तें सन १७८० नंतरच्या कांहीं वर्षांत, गोलाकार पिंडांच्या आकर्षणाचा विचार करतांना सांपडलें. तेव्हां ली याचा जन्महि झालेला नव्हता.

हे आंकडे केवळ कागदावरचे नाहींत. अणूचें केंद्र सर्व दिशांना सारखेंच ओढतें, म्हणून त्याच्याभोंवतालच्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्था याच कुटुंबांत विभागल्या जातात. प्रत्येक अवस्थेंत दोन इलेक्ट्रॉन मावतात. म्हणून संख्या २, ६, १०, १४ अशा होतात. दोन आणि सहा मिळून आठ, त्यांत दहा मिळविले कीं अठरा, आणखी चौदा मिळविले कीं बत्तीस. मूलद्रव्यांच्या आवर्त कोष्टकांतील ओळींच्या लांब्या त्याच: २, ८, १८, ३२. कोणतें कुटुंब केव्हां भरावें हें ऊर्जेच्या हिशेबावर ठरतें. पण कुटुंबांत घरें किती, हें फिरण्याच्या नियमानें ठरतें.

पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचें मोजमापहि याच फलांनीं करतात. अमेरिकेंत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आकृतिबंधांत हीं कुटुंबें २१५९ व्या क्रमापर्यंत नेलीं असून फलांची संख्या ४६ लाखांवर जाते. त्यांत हिंदी महासागरांत, श्रीलंकेच्या दक्षिणेस, समुद्राची समपातळी सुमारें शंभर मीटर खचलेली दिसते.

सपाट जमिनीवर सरकणें व फिरणें या हालचाली एकत्र केल्या कीं बेसेलचीं फलें मिळतात. गोल, एकसारख्या चामड्याचें कंपन त्यांनींच मोजतात. त्याचा मूळ स्वर १ धरला तर पुढचे स्वर १.५९, २.१४, २.३० असे येतात. ते पूर्णांकांत नसल्यामुळें साध्या ढोलाचा नाद स्वरांत बसत नाहीं. तबला व मृदंग यांवरील शाईमुळें हे स्वर पूर्णांकांजवळ येतात, हें चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२० व १९३४ सालच्या आपल्या लेखांतून दाखविलें.

या निरनिराळ्या फलांना एका दृष्टीखालीं आणणारे ग्रंथ विसाव्या शतकांत झाले. विलेन्किन यांचा रशियन ग्रंथ १९६५ सालीं निघाला. विग्नर यांच्या व्याख्यानांवरून टॅलमन यांनीं लिहिलेलें पुस्तक १९६८ सालीं आलें. गणितांतील यच्चयावत् फलें या एका सूत्रांत ओवतां येतात असें मात्र कोणी समजूं नये.

येथें कोणी विचारील कीं, लजांद्राला व बेसेलला समूहांवांचून सूत्रें मिळालीं, मग या खटाटोपाचा लाभ काय? लाभ हा कीं, सूत्राचें कारण हातीं आलें. वेगवेगळ्या ठिकाणीं, वेगवेगळ्या कामांसाठीं सांपडलेलीं फलें एकमेकांसारखीं कां वागतात, हें कळलें. स्मरणशक्तीवरचा भार कारण कळल्यानें जेवढा हलका होतो तेवढा घोकल्यानें होत नाहीं. तेव्हां आपल्या घरांतील मुलानें ‘हें सूत्र असेंच कां?’ असें विचारल्यास त्याला ‘परीक्षेला येतें, पाठ कर’ एवढेंच सांगूं नये. पुष्कळदां उत्तर त्याच्या हाताला फिरवितां येण्याजोगें असतें.