रिकाम्या दिवसांची मशागत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आयुष्यभर मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शिक्षकास आपण जमीनजुमल्याच्या दलालीवर बोलावयास उभे केलेत, याचे मला प्रथम नवलच वाटले. परंतु आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण आज या व्यवसायात आहेत. त्यांतील काही माझेच विद्यार्थी. शिवाय या व्यवसायातील एका चुकीची झळ मी स्वतः सोसली आहे. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द सांगतो.

या धंद्यास भरती आहे, तशी ओहोटीही आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीतील पाडवा हे साडेतीन मुहूर्त जवळ आले म्हणजे दलालास जेवावयासही उसंत मिळत नाही. उलट पितृपंधरवडा लागला, अधिकमास आला किंवा आषाढाची झड बसली, म्हणजे गिऱ्हाईक फिरकत नाही. असे दिवस आमचे तरुण कसे घालवितात? चौकात चहा पिऊन आणि ‘बाजार थंड आहे’ असे एकमेकांस सांगून!

आता माझी हकीकत ऐका. सेवानिवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून एखादा लहानसा भूखंड घ्यावा आणि त्यावर दोन खोल्या बांधाव्यात, असे आम्ही उभयतांनी ठरविले. मध्यस्थ तरुण सज्जन होता. तो एक शब्दही खोटे बोलला नाही. दसऱ्याचा मुहूर्त साधावयाचा होता. सातबारावर मालकाचे नाव बरोबर दिसले, तेवढ्यावर दोघेही निश्चिंत झालो आणि मी विसार देऊन मोकळा झालो. त्याच उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असे स्पष्ट छापलेले होते. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून सहसा विकता येत नाही, हे पुढे वकिलांनी सांगितले. विसाराची रक्कम परत मिळावयास दोन वर्षे लागली, आणि ती दोन वर्षे आम्ही भाड्याच्या खोलीत काढली. तो तरुण घरी येऊन म्हणाला, “गुरुजी, ती ओळ मला वाचता येत होती, पण त्या गर्दीत वाचावयास सवड झाली नाही.”

मी त्यास रागावलो नाही. एवढेच विचारले, “बाळ, दसऱ्याच्या आधी पितृपंधरवडा होता. ते पंधरा दिवस तू काय करीत होतास?” त्याने मान खाली घातली.

बंधूंनो, मला सांगावयाचे ते एवढेच. चूक घडते ती तेजीच्या घाईत. परंतु तिचे बीज पडलेले असते मंदीच्या आळसात. शेतकरी उन्हाळ्यात स्वस्थ बसत नाही. नांगरट करतो, बांध घालतो. कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यास ओढून जाळी विणतो. मग दलालानेच तहान लागल्यावर विहीर का खणावी?

मंदीच्या दिवसांतील पहिले काम म्हणजे कागद वाचणे. आपल्याकडे विक्रीस आलेल्या प्रत्येक मिळकतीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढावी. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, कर्जाचा बोजा किंवा वाटेचा हक्क आहे काय, हे पाहावे. फेरफार क्रमांकावरून जमीन कोणाकडून कोणाकडे आली, याचा माग काढावा. वारसांपैकी एखाद्या बहिणीचे नाव राहून गेले असेल, तर ते येथेच कळते.

दुसरे काम कायद्याच्या अभ्यासाचे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यान्वये नोंदणीयोग्य प्रकल्पांतील घरे विकून देणाऱ्या मध्यस्थास स्वतःची नोंदणी आवश्यक आहे, आणि हिशेबाच्या वह्या ठेवणेही बंधनकारक आहे. महाराष्ट्रात 2023 साली या मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करण्यात आली. परीक्षेचे नाव काढताच आमची मुले घाबरतात. परंतु रिकाम्या पंधरवड्यात रोज दोन तास बसले, तर भीती कसली?

तिसरे काम जुन्या गिऱ्हाइकांच्या भेटीचे. गेल्या वर्षी ज्यास घर मिळवून दिले, त्याचे नाव घरपट्टीस लागले काय? वीजमीटर त्याच्या नावे झाले काय? हे विचारावयास गेलेला दलाल विसरला जात नाही. चौथे काम घरातील आहे. दसरा-दिवाळीची मिळकत बारा महिन्यांवर वाटून ठेवावी, म्हणजे मंदीत उसनवारी करावी लागत नाही आणि पोटासाठी वाईट व्यवहार गळ्यात घ्यावा लागत नाही.

2020 सालचे उदाहरण आपणा सर्वांस आठवत असेल. मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि व्यवहार ठप्प झाले. पुढे 1 सप्टेंबरपासून 31 डिसेंबरपर्यंत शासनाने मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सवलत दिली, त्यानंतर मार्च 2021 अखेरपर्यंत 2 टक्क्यांची. नोंदणीसाठी एकच झुंबड उडाली. ज्यांनी टाळेबंदीत कागदपत्रे पाहून ठेवली, त्यांना ती संधी साधणे सोपे गेले. इतरांना सवलतीच्या दिवसांतच धावपळ करावी लागली.

शेवटी एक विनंती. घर घेणारा मनुष्य जन्माची पुंजी आपल्या हाती सोपवितो. त्याचा विश्वास सांभाळला, तर आपल्या ज्ञातीचे नाव राहील. घालविला, तर एकाच्या चुकीसाठी सर्वांस बोल लागेल. तो माझा तरुण मित्र आता दर पितृपंधरवड्यात उताऱ्यांची चळत घेऊन माझ्या ओसरीवर येतो. मी चष्मा लावतो, तो वाचतो, आणि शंका आली तेथे आम्ही तांबड्या पेन्सिलीने खूण करतो. आपल्यापैकी ज्यांना यावयाचे असेल, त्यांच्यासाठी ओसरीवर जागा आहे.