रोशा गवताचे तेल



सुगंधी तेलांच्या उपचाराला हल्ली 'अरोमाथेरपी' म्हणतात. हा शब्द रूढ केला फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गॅटफॉसे यांनी. १९३७ साली त्याच नावाचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यांचे नाव राहिले, ते राहायलाच पाहिजे. पण मला आज बोलायचे आहे ते आपल्या खानदेशातल्या रोशा गवताविषयी.

पावसाळा सरता सरता हे गवत डोंगरउतारावर फुलावर येते. तेव्हा ते कापायचे, पाण्यासह मोठ्या भांड्यात कोंबायचे, तोंड लिंपायचे आणि खाली जाळ लावायचा. वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात उतरते. ते भांडे गार पाण्यात ठेवलेले असते, म्हणून भट्टी ओढ्याकाठी. वाफेचे पाणी होते, तेल वर तरंगते. वास म्हणाल तर गुलाबाचा! कारण गुलाबातले जिरॅनिऑल हे द्रव्य यात भरपूर असते.

आणि इथेच घोटाळा झाला. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्थानात जाई. बल्गेरियाचा गुलाबांचा मुलूख तेव्हा तुर्की अमलाखाली होता. तिथे ते गुलाबपाकळ्यांवर शिंपडून मग अर्क काढीत आणि सारे अस्सल गुलाबतेल म्हणून विकले जाई. बरे, युरोपच्या बाजारात आपल्या तेलाला नाव काय? 'तुर्की जिरेनियम'! ते तुर्कस्थानचे नव्हे, जिरेनियमचेही नव्हे. कापणारा, जाळ घालणारा माणूस सोडाच, गवताचा मुलुखसुद्धा त्या नावात नाही.