दुकानाची पाटी आणि वेबसाईट



शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. तो विषय मी सोडत नाही. फक्त त्याला व्यासपीठावरून उतरवून दुकानाच्या गल्ल्यापाशी नेणार आहे. लहान धंद्यासाठी संकेतस्थळ, म्हणजे वेबसाईट, कशी उभी करावी, हा माझा आजचा विषय आहे.

आपले नांदे हे मुळशी तालुक्यातले भातशेतीचे गाव. शेजारी हिंजवडीला आयटी पार्क झाला आणि या साऱ्या पट्ट्यात उंच इमारती उभ्या राहिल्या. तेथे राहायला आलेल्या कुटुंबाला खिडकीला ग्रील हवे असते, सोफा दुरुस्त करायचा असतो, वाढदिवसाला बिर्याणीचा देग हवा असतो. आपल्यात हे सर्व करणारे हात आहेत. पण तो माणूस चावडीवर येऊन विचारत नाही. तो फोनवर शोधतो. तेथे आपण दिसलो नाही, तर काम दुसरा घेऊन जातो आणि आपण नशिबाला दोष देत बसतो.

पुष्कळांना वाटते, ही कामे मोठ्या इंजिनीयरांची, आपण तेलमिठाचे धंदेवाले. त्यांच्यासाठी एकच उदाहरण देतो. १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा धंदा सुरू केला. १९६६ साली ते वारले, तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेत शिकत होते. एकवीस वर्षांचा तो मुलगा परत आला आणि त्याने धंदा सांभाळला. तेल आणि साबण विकणारी तीच कंपनी पुढे संगणकाकडे वळली. तिचे नाव विप्रो. तिच्या इमारती आज हिंजवडीत उभ्या आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. वेबसाईटला तीन गोष्टी लागतात: नाव, जागा आणि मजकूर. दुकानाची पाटी, गाळा आणि आतला माल, असे समजा.

पहिले नाव, त्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. भारताचे ‘डॉट इन’ आहे, आणि २०१४ पासून देवनागरीतले ‘डॉट भारत’ही मिळते.

येथे घरची एक गोष्ट सांगतो. माझ्या भावाचे ग्रील-गेटचे छोटे वर्कशॉप आहे. एका ओळखीच्या माणसाने त्याला वेबसाईट करून दिली. पण नाव स्वतःच्या खात्यावर घेतले. भावाने टेम्पोवर, बिलबुकावर, पाटीवर तो पत्ता रंगवून घेतला. पुढे त्या माणसाने गाव सोडले, नूतनीकरणाचे पत्र त्याच्याच ईमेलवर गेले, मुदत टळली आणि नाव दुसऱ्याच कोणी घेतले. भावाची पाटी दुसऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवू लागली! देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, अशी स्पष्ट आज्ञा कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये आहे. आपण ती मौलवीसाहेबांकडून ऐकतो आणि बाजारात विसरतो. म्हणून काम कोणीही करो, नाव मालकाच्या खात्यावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या फोननंबरावरच घ्या. पासवर्ड घरातल्या दोघांना ठाऊक असू द्या.

दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. वेबसाईट ज्या संगणकावर राहते तेथले हे भाडे. लहान धंद्याला साधी जागा पुरते. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ आहे ना, हे पाहा. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आता फुकटही मिळते. सर्व मजकुराची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

तिसरा मजकूर. काय करतो, कोठे करतो, दुकान किती वाजता उघडते, साधारण दर काय, फोन कोणता, एवढे एका पानावर आले तरी पुष्कळ झाले. खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक द्या. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या छापखान्याच्या फॉन्टमधला किंवा चित्रात लिहिलेला मजकूर शोधणाऱ्याच्या हाती नीट लागत नाही. फोटो स्वतःच्या कामाचेच घाला. दुसऱ्याचे गेट दाखवून आपले गेट विकणे हे मापात पाप आहे. हुजूर पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना व्यापाराच्या दिवसांत लोक ‘अल्-अमीन’ म्हणजे विश्वासू म्हणत. आपल्या वेबसाईटकडे पाहून गिऱ्हाइकाला तोच शब्द आठवला पाहिजे.

कोणी म्हणेल, व्हॉट्सअॅप आहे, इन्स्टाग्राम आहे, मग हा खटाटोप कशाला? ती साधने जरूर वापरा. पण ते परक्याचे अंगण आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ज्यांचे सारे गिऱ्हाईक तेथेच होते, त्यांचे अंगण एका रात्रीत गेले. स्वतःचे घर असेल, तर रस्ता बदलला तरी पत्ता राहतो.

पैशांबाबत एक इशारा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. ‘पैसे पाठवतो, तुम्ही कोड स्कॅन करून पिन टाका’ असे जो म्हणतो तो गिऱ्हाईक नव्हे, चोर आहे.

आता मातांशी दोन शब्द. भावाची वेबसाईट दुसऱ्यांदा उभी केली ती त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने. कॉलेजातून आल्यावर ती रोज तासभर बसे. वहिनींना काळजी वाटली, मुलीचे नाव आणि नंबर चव्हाट्यावर कशाला? ती काळजी खोटी नव्हती. म्हणून दुकानासाठी वेगळे सिमकार्ड घेतले, मुलीचा फोटो किंवा नंबर कोठेही दिला नाही. काळजीवर उपाय असतो. मुलीची तालीम बंद करणे हा उपाय नव्हे. आज कोटेशनसुद्धा तीच टाइप करते, आणि आपण ग्रीलबरोबर हिशेबही नीट ठेवू लागलो, असे भाऊ सांगतो. हजरत खदीजा रजियल्लाहु अन्हा स्वतः व्यापार करीत, हे आपण मुलींना सांगतो. मग त्यांना घरचे दुकान पाहू द्या.

विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत एक काम करा. वडिलांच्या, काकांच्या किंवा शेजारच्या चाचांच्या धंद्याचे एक पान वहीत लिहून काढा: नाव, काम, वेळ, दर. जे वहीत नीट उतरेल तेच संगणकावर नीट उतरेल. शिकताना ज्या दिवशी अडेल, त्या दिवशी आठवा की पहिल्या वहीचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’ हा होता.

आपल्या हलाल रोजीत अल्लाह बरकत देवो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.