वर्षावनातील कलावंतांचे गाव
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी पत्र पाठवून "परदेशात जे पाहिलेत त्यावर चार शब्द बोला" असे सुचविले, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. परदेशवारीची वर्णने आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत. उंच इमारती, स्वच्छ रस्ते, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या! त्यात आम्ही काय भर घालणार? परंतु २०१९ साली आम्ही उभयता मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेलो असता एक गाव पाहिले, ते अजून मनातून जात नाही. त्या गावाविषयी आणि तिथून आणलेल्या एका लाकडी वस्तूविषयी आज बोलावे असे ठरविले आहे. ती वस्तू समोर टेबलावर ठेवली आहे. तिची हकिकत पुढे येईल.

गावाचे नाव कुरांडा. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला क्वीन्सलँड राज्यात केर्न्झ नावाचे बंदर आहे. तिथून डोंगर चढून गेले की बॅरन नदीच्या काठी हे गाव लागते. वस्ती सुमारे ३००० ची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाएवढी. सभोवती घनदाट वर्षावन. पावसाच्या बाबतीत आपले आंबोली-महाबळेश्वर या गावाला सहज मागे टाकतील. पण तिथे झाड इतके जुने आणि इतके दाट की भर दुपारी पायवाटेवर दिवेलागणीसारखा काळोख असतो. या पट्ट्यातील सुमारे ९००० चौरस किलोमीटर जंगलाला १९८८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

गावाला जाण्यास रेल्वे आहे. १८८६ मध्ये काम सुरू होऊन १८९१ मध्ये गाडी वर पोहोचली. पंधरा बोगदे, सारे हातांनी खोदलेले. गाडीतून बॅरनचा धबधबा दिसतो, प्रवासी उठून उभे राहतात, फोटो काढतात. त्या धबधब्याचे खरे नाव 'दिन दिन'. हे नाव ज्यांच्या भाषेतले, ते जाबुगाय लोक या जंगलाचे मूळ रहिवासी. रेल्वे आली, मळे आले, आणि त्यांच्याच भूमीवर ते परके ठरले.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक साल लक्षात ठेवावे, १८९७. त्या वर्षी क्वीन्सलँडच्या विधिमंडळाने आदिवासींच्या 'संरक्षणा'चा म्हणून एक कायदा केला. संरक्षण कसले? आदिवासीने कोठे राहावे, कोणाकडे काम करावे, कोणाशी लग्न करावे, मजुरीचे पैसे कोणाच्या हाती पडावेत, हे सारे सरकारी अधिकारी ठरविणार! कुरांडाजवळ मोना मोना येथे १९१३ साली मिशनची वसाहत स्थापन झाली आणि जाबुगाय तसेच इतर जमातींच्या लोकांना तिथे आणून ठेवण्यात आले. मुलांना आईबापांपासून वेगळे करून वसतिगृहात घातले. आपली भाषा बोलायची नाही, आपली गाणी म्हणायची नाहीत. १९६२ साली मोना मोना बंद झाले. कारण असे दिले गेले की तिथे धरण बांधायचे आहे. ते धरण आजतागायत झालेले नाही. माणसे मात्र पुन्हा उठविली गेली व कुरांडाच्या आसपास छोट्या वस्त्यांतून विखुरली.

आता गंमत पाहा. ज्या काळात ही मंडळी विस्थापित होऊन गावाच्या कडेला राहात होती, त्याच सुमारास शहरातील गोरे तरुण आपणहून त्या गावात येऊ लागले. चित्रकार, कुंभारकाम करणारे, विणकर, वाद्ये बनविणारे, आणि काही नुसतेच लांब केसवाले. नोकरी-धंद्याच्या जीवनाला कंटाळून जंगलात राहावयास आलेली ही पिढी. त्यांना जमीन स्वस्तात मिळाली. त्यांनी १९७८ मध्ये गावात बाजार सुरू केला. आपण केलेली वस्तू आपणच विकावी, असा तो सरळ हिशेब. पुढे गावकऱ्यांनी श्रमदानाने एक खुले नाट्यगृहही उभारले. आम्ही या लोकांची चेष्टा करीत नाही. वर्षावनात राहून कला करणे सोपे नव्हे. कागदाला बुरशी येते, कॅनव्हासला येते, मातीचे भांडे वाळता वाळत नाही. एक चित्रकार आम्हास म्हणाले की आमच्याकडे रंगांपेक्षा बुरशी पुसण्याच्या फडक्यांचा खर्च अधिक!

शिवाय गिऱ्हाईक मोजून तीन-चार तासांचे. १९९५ साली जंगलाच्या माथ्यावरून साडेसात किलोमीटरचा आकाशपाळणा सुरू झाला. त्याला विरोध करणारे झाडावर चढून बसले होते. तरी तो झालाच. तेव्हापासून पर्यटक सकाळी रेल्वेने वर येतो, जेवतो, दोन-चार वस्तू घेतो आणि दुपारी पाळण्यात बसून खाली जातो. साडेतीनच्या पुढे गाव सुने. त्या अवधीत जो विकेल तो टिकेल. साहजिकच महिनाभर खपून केलेल्या वस्तूपेक्षा झटपट खपणारी वस्तू दुकानात पुढे येते.

जाबुगाय कलावंतांचे काय झाले? १९८७ साली कुरांडात 'जापुकाय' नावाची नृत्यनाट्य संस्था उभी राहिली. (जाबुगाय हाच शब्द, लिहिण्याची पद्धत निराळी.) न्यूयॉर्कहून आलेले एक नाट्यव्यवसायी दाम्पत्य, डेव्हिड हडसन व त्यांच्या पत्नी आणि स्थानिक जाबुगाय तरुण यांनी मिळून ती काढली. जमातीत भाषा चांगली येणारी वृद्ध माणसे तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यांच्याकडून शब्द गोळा केले, गोष्टी गोळा केल्या, आणि ज्या भाषेला वसतिगृहात शिक्षा होती ती रंगमंचावर तिकीट लावून बोलली जाऊ लागली. त्याच काळात एका भाषा-अभ्यासकाने वृद्धांबरोबर बसून शब्दकोशाचे काम केले, भाषा शाळेत गेली. १९९६ मध्ये संस्था डोंगराखाली मोठ्या जागेत गेली.

यावर टीकाही झाली. पर्यटकांपुढे नाचणे म्हणजे संस्कृती विकणे नव्हे काय, असे विचारले गेले. आम्ही तो कार्यक्रम पाहिला तेव्हा आमच्याही मनात हा प्रश्न आला. अर्धे प्रेक्षक घड्याळाकडे पाहात होते, कारण पुढची बस धरायची होती. परंतु टीका करणाऱ्याने हेही पाहावे की मजुरी दुसऱ्याच्या खात्यात जमा होण्याचे दिवस ज्यांच्या आजोबांनी काढले, त्यांच्या नातवंडांना आपल्याच गाण्याचा पगार मिळत होता. त्या पगाराला दुसरी बाजू होती, ती २०२० मध्ये कळली. महामारी आली, पर्यटक थांबले, आणि २०२१ च्या प्रारंभी संस्था कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. तेहतीस वर्षांचे काम काही महिन्यांत संपले. आम्हास मुलाने फोनवर सांगितले तेव्हा बराच वेळ काही बोलवेना.

पण त्या गाण्यांचा आणि नावांचा एक उपयोग न्यायालयात झाला होता. ऑस्ट्रेलियात आदिवासींना जमिनीवरील मूळ हक्क मागायचा तर सिद्ध करावे लागते की आपल्या रूढी, परंपरा आणि त्या भूमीशी असलेला संबंध अखंड राहिला आहे. म्हणजे ज्यांनी विसरायला लावले त्यांच्याच राज्यात उभे राहून आम्ही विसरलो नाही हे दाखवायचे! अशा वेळी डोंगराचे नाव, ओढ्याची गोष्ट, ती सांगणारा माणूस यांनाच कागदपत्रांची किंमत येते. २००४ साली बॅरन घळीच्या राष्ट्रीय उद्यानावर जाबुगाय लोकांचा हक्क मान्य झाला. क्वीन्सलँडमध्ये राष्ट्रीय उद्यानाबाबत असा हक्क प्रथमच मान्य झाला. तो पूर्ण मालकीचा नाही, उद्यान सर्वांना खुले आहे. तरी शिकार, वनस्पती गोळा करणे, विधी करणे यांसाठी आता कोणाची मेहेरबानी लागत नाही.

वनस्पती म्हटल्यावर वेताविषयी सांगितलेच पाहिजे. या जंगलात एक काटेरी वेत उगवतो. इंग्रजांनी त्याला 'वकील वेत' नाव दिले; आकड्यात एकदा सापडलात की सुटका नाही. (सभागृहातील वकील मंडळींनी राग मानू नये.) या वेताची टोपली इथल्या वर्षावनातील जमातीच विणतात. बुडाला दोन्ही बाजूंना शिंगांसारखी टोके, वर तोंड गोल, आणि बंद कपाळावर अडकवून पाठीवर घ्यायची. जंगलातील कित्येक बिया विषारी असतात. त्या भाजून, कुटून टोपलीत भरायच्या आणि टोपली वाहत्या ओढ्यात ठेवायची. विणीतून पाणी खेळते, विष धुऊन जाते, अन्न आत राहते. एकाच वस्तूत विज्ञान, स्वयंपाक आणि सौंदर्य! कुरांडाच्या दक्षिणेस कार्डवेल गावी गिरिंगन कला केंद्र आहे. तेथील गिरामाय जमातीचे कलावंत एब मुरियाटा यांनी लहानपणी आजीला ही टोपली विणताना पाहिले होते. पुढे ते स्वतःच्या प्रयत्नाने शिकले, आणि संग्रहालयात ठेवलेल्या जुन्या टोपल्या पाहून त्यांनी हात पक्का केला. जी वस्तू उचलून काचेच्या कपाटात नेली, तिच्याकडे कपाटाबाहेर उभे राहून नातू शिकतो आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता आमची चूक. कुरांडात एका दालनात एक वयस्क जाबुगाय बाई वेत सोलीत बसल्या होत्या. शेजारी एक टोपली होती. आम्ही किंमत विचारली आणि मनात रुपयांत हिशेब केला. "एवढ्याशा टोपलीला इतके पैसे?" असे आम्ही मराठीत एकमेकांस म्हणालो. बाईंना मराठी येत नव्हते; पण स्वर कळला असावा, कारण त्या नुसत्या हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. वेत जंगलातून आणणे, चिरणे, तासणे, मग विणणे, हे सारे किती दिवसांचे काम आहे ते आम्ही विचारलेदेखील नाही. आमच्या गावी बुरूड आळी होती. सूप आणि टोपली घेताना आमच्या घरची माणसे चार आण्यांसाठी घासाघीस करीत. त्या बुरडाला कोणी कधी कलावंत म्हटले नाही. ती सवय आम्ही समुद्रापार घेऊन गेलो होतो.

पुढच्या गल्लीत एका दुकानातून आम्ही एक बूमरँग घेतले. रंगीत ठिपके, मधोमध कांगारू, किंमत टोपलीच्या पासंगालाही नाही. "आदिवासींनी हाताने केलेले ना?" असे विचारले, विक्रेत्याने मान डोलावली. घरी आल्यावर सुनेने ते उलटे केले. मागे चिकटपट्टी होती, तीवर इंडोनेशियात बनविल्याचे छापलेले. आणखी एक गोष्ट मागाहून वाचनात आली. ठिपक्यांची ती चित्रशैली वर्षावनाची नाहीच. ती दूर मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून १९७१ नंतर पुढे आली. वर्षावनातले लोक अंजिराच्या झाडाच्या फळीसारख्या रुंद मुळापासून ढाल कोरीत आणि ती लाल, पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या रंगांत रंगवीत. ती दुकानात कोठे दिसली नाही. पर्यटकास ठिपके हवे, म्हणून ठिपके.

आम्ही एकटे फसलो असेही नाही. त्याच वर्षी, २०१९ मध्ये, इंडोनेशियात केलेल्या १८,००० हून अधिक वस्तू ऑस्ट्रेलियन आदिवासी कलावंतांच्या म्हणून विकल्याबद्दल तेथील न्यायालयाने एका घाऊक विक्रेत्या कंपनीस २३ लाख डॉलर दंड केला. कंपनीने गाशा आधीच गुंडाळला होता. २०२२ च्या एका सरकारी अहवालानुसार आदिवासी शैलीच्या अशा किरकोळ वस्तूंवर ग्राहक जो पैसा खर्च करतात, त्यातील निम्म्याहून अधिक नकली मालावर जातो. चित्र दुसऱ्यांदा विकले गेले तर मूळ कलावंतास पाच टक्के मिळावेत असा कायदा तिथे २०१० पासून लागू आहे, परंतु १००० डॉलरांखालच्या विक्रीस तो लागू नाही. टोपली विणणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

विद्यार्थ्यांसाठी काही छायाचित्रे आणली आहेत. त्यात ती टोपली आहे. बाईंची परवानगी घेऊन काढलेला एकच फोटो. चहाच्या वेळी टेबलाजवळ यावे. बूमरँगही हाताळण्यास हरकत नाही. मागची चिकटपट्टी आम्ही मुद्दाम तशीच ठेवली आहे.