संगणक मंदावला, तर आधी निदान



ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दाखल्यासाठी सकाळी आलेला शेतमजूर दुपारपर्यंत बाकावर बसून राहतो, तेव्हा त्याला मिळणारे उत्तर बहुधा एकच असते : "संगणक हळू चालतो आहे." शाळेची माहिती यू-डायस प्लसवर भरणाऱ्या शिक्षकाचा अनुभवही फारसा निराळा नसतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला असून, पुरेशा कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. त्या शेतमजुराच्या दृष्टीने तर संगणकाची मंद गती म्हणजे बुडालेली एक दिवसाची मजुरी होय.

अशा वेळी कार्यालयातून दोन प्रस्ताव पुढे येतात : एक तर जुना संगणक बाद करून नवा घ्यावा, किंवा कोणाला तरी बोलावून 'सगळे पुसून नव्याने भरावे'. पहिल्यात सार्वजनिक पैसा खर्च होतो, दुसऱ्यात वर्षानुवर्षांची माहिती धोक्यात येते. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण असतो, तसेच मंदपणाचेही आहे. कारण शोधल्याशिवाय केलेला उपाय लागू पडलाच, तर तो केवळ योगायोगाने.

दप्तरखाना आणि मेज

संगणकाचे काम समजण्यासाठी एखादे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. लिपिक म्हणजे प्रोसेसर. त्याच्यासमोरचे मेज म्हणजे रॅम. आणि दप्तरखाना म्हणजे हार्ड डिस्क. लागणारे कागद दप्तरखान्यातून मेजावर आणले जातात आणि काम मेजावर होते. मेज लहान असेल, तर नवा कागद ठेवण्यासाठी जुना उचलून दप्तरखान्यात परत न्यावा लागतो. लिपिक कितीही हुशार असला, तरी त्याचा दिवस येरझाऱ्यांत जातो. संगणकातही रॅम अपुरी पडली, की हार्ड डिस्ककडे अशाच येरझाऱ्या सुरू होतात. याखेरीज चौथा घटक म्हणजे बाहेरून येणारा टपालवाला, अर्थात इंटरनेटची जोडणी. या चौघांपैकी अडथळा नेमका कोणापाशी आहे, हे ओळखणे म्हणजेच निदान.

निदानाचे साधन घरातच

विंडोज प्रणालीच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचा वापर दिसतो. संगणक अडखळत असतानाच हे आकडे काही मिनिटे पाहावेत.

मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर मेज अपुरे आहे. ब्राउझरमध्ये एकाच वेळी उघडून ठेवलेली वीस-पंचवीस पाने हे त्याचे नित्याचे कारण होय. डिस्कचा वापर दीर्घकाळ १०० टक्के राहत असेल आणि प्रोसेसर मात्र रिकामा बसला असेल, तर अडथळा दप्तरखान्यात आहे. प्रोसेसरच भरलेला असेल, तर कोणता प्रोग्राम तो व्यापून बसला आहे, हे त्याच यादीत कळते. चारही आकडे कमी असून केवळ संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष संगणकाचा नाही. जोडणीचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा आहे. तेच पान दुसऱ्या जोडणीवर, उदाहरणार्थ मोबाइलवर, उघडून पाहिले की या दोहोंतील फरक स्पष्ट होतो. माहिती भरण्याच्या शेवटच्या दिवशी सर्व्हरवर गर्दी झाली असता कार्यालयातील संगणक बदलून काहीच साधणार नाही.

प्रथम माहितीची प्रत

कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी माहितीची प्रत काढणे अपरिहार्य आहे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे, फाइल उघडताना संगणक गोठणे, पूर्वी उघडणारी फाइल आता न उघडणे, ही डिस्क निकामी होऊ लागल्याची लक्षणे असू शकतात. अशा डिस्कवर सफाईचे प्रयोग करीत बसणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. तिच्यावरील नोंदी, हजेरीपट, हिशेब व पत्रव्यवहार प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावेत. एक प्रत बाहेरील डिस्कवर आणि एक अन्य सुरक्षित, कार्यालयाने मान्य केलेल्या ठिकाणी असावी. प्रत उघडते की नाही, हेही तपासून पाहावे. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी होय.

विनाखर्चाचे उपाय

निदान झाल्यावर प्रथम बिनखर्चाचे उपाय योजावेत. संगणक 'रीस्टार्ट' करणे हा सर्वांत सोपा उपाय. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत जलद सुरुवातीची सोय चालू असल्यास 'शट डाउन' केल्याने प्रणाली पूर्णतः नव्याने सुरू होत नाही, 'रीस्टार्ट'ने होते. दुसरे, संगणक चालू होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या विभागात तपासून अनावश्यक ते बंद करावेत. सुरक्षेचा प्रोग्राम व डिजिटल स्वाक्षरीसाठी लागणारा प्रोग्राम मात्र बंद करू नये. तिसरे, विषाणुरोधक प्रोग्राम एकच असावा. दोन ठेवल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. चौथे, मुख्य डिस्कवर पुरेशी जागा मोकळी ठेवावी. 'एका क्षणात वेग वाढवू' अशी जाहिरात करणाऱ्या फुकट प्रोग्रामांपासून दूर राहावे. त्यांच्यामुळे वेग वाढण्याऐवजी उपद्रवी प्रोग्राम संगणकात शिरण्याचा धोका असतो.

उन्हाळा आणि धूळ यांचाही विचार झाला पाहिजे. तापमान मर्यादेबाहेर गेले, की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपली गती कमी करतो. सकाळी ठीक चालणारा संगणक दुपारी मंदावत असेल, तर पंख्यावर साचलेली धूळ हे कारण संभवते. वीजपुरवठा काढून, पेटी उघडून धूळ हलकेच उडवावी आणि यंत्र भिंतीला चिकटून ठेवू नये. अचानक वीज गेल्याने फाइली बिघडतात, म्हणून यू.पी.एस.ची बॅटरी चालू स्थितीत असणे ही चैन नसून गरज आहे.

थोड्या खर्चाचा मोठा लाभ

एवढे करूनही डिस्कचा अडथळा कायम राहिला, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एस.एस.डी. बसविणे हा बहुधा सर्वांत गुणकारी उपाय ठरतो. त्याचे कारण यंत्ररचनेत आहे. नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा आणि सुई योग्य जागी सरकण्यास आणखी काही मिलिसेकंद जातात. परिणामी विखुरलेल्या ठिकाणची माहिती ती सेकंदाला साधारण शंभर वेळाच आणू शकते. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नसल्याने तेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. तिला हार्ड डिस्कप्रमाणे 'डिफ्रॅगमेंट' करण्याची आवश्यकता नसते.

मेमरी अपुरी असल्यास रॅम वाढवावी. कार्यालयीन कामास ८ जी.बी. सामान्यतः पुरते. खरेदीपूर्वी संगणकास डी.डी.आर.३ लागते की डी.डी.आर.४, हे पाहावे, कारण एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती ४ जी.बी.पेक्षा अधिक रॅम वापरू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बदल केव्हा अपरिहार्य

काही संगणक मात्र खरोखरच बदलावे लागतात. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मर्यादित मुदतीची वाढीव योजना सोडल्यास तिला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-सोय, किमान ४ जी.बी. रॅम आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जलद चालणारा परंतु असुरक्षित संगणक नागरिकांची माहिती सांभाळण्यास योग्य नव्हे. सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस' या लिनक्सवर आधारित प्रणालीचा पर्याय काही कामांसाठी तपासता येईल. मात्र प्रिंटर व डिजिटल स्वाक्षरीचे साधन तिच्यावर चालते, याची खात्री आधी करावी.

बाद केलेल्या संगणकातील डिस्क तशीच भंगारात देऊ नये. झटपट 'फॉर्मॅट' केल्याने माहिती नाहीशी होत नाही. ती पुन्हा मिळविता येते. माहिती कायमची पुसून, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत यंत्रणेकडेच असे साहित्य सोपवावे.

तीन प्रश्न

संगणकाशेजारी एक साधी नोंदवही असावी. तारीख, लक्षण, पाहिलेले आकडे, केलेला उपाय आणि त्याचा परिणाम एवढ्या पाच रकान्यांनी भागते. तंत्रज्ञास बोलाविल्यावर 'हळू चालतो' या तक्रारीपेक्षा 'दुपारी दोननंतर डिस्क १०० टक्के' ही नोंद त्याच्या अधिक उपयोगी पडते आणि दुरुस्तीचा अवास्तव खर्चही टळतो.

नव्या संगणकाचा प्रस्ताव मासिक सभेपुढे आला, की सदस्यांनी तीन प्रश्न विचारावेत : अडथळा कोठे आढळला? माहितीची प्रत काढली आहे काय? कमी खर्चाचा उपाय करून पाहिला काय? समाधानकारक उत्तरे मिळाल्यावर खरेदीस मंजुरी देण्यात कोणताच संकोच नको. उत्तरे नसतील, तर नवा संगणकही काही महिन्यांत जुन्याच चालीवर येण्याचा संभव आहे, आणि बाकावरील शेतमजुराची प्रतीक्षा मात्र तशीच राहील.